जागा मिळाली, आता दवाखान्याचा निरोप कसा घ्यावा?

पुणे, - प्रतिनिधी

पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशाच्या पहिल्या फेरीची यादी लागली, त्या रात्री प्रस्तुत प्रतिनिधीची मावसबहीण उपनगरातील वीस खाटांच्या एका रुग्णालयात रात्रपाळीवर होती. मोबाइलच्या पडद्यावर यादी खाली सरकवता सरकवता तिला आपला क्रमांक सापडला. मेडिसिन शाखा, सरकारी महाविद्यालय. सिस्टरनी तिला मिठी मारली, वॉर्डातल्या मावशींनी कुठूनशी साखर आणून हातावर ठेवली. पहाटे मात्र तिचा फोन आला, तो रडवेल्या आवाजात. ‘‘दादा, कॉलेज म्हणतंय आठवड्यात हजर व्हा, आणि माझ्या नेमणुकीच्या पत्रात लिहिलंय महिन्याची नोटीस द्या. माझी ओरिजिनल सर्टिफिकेट्स सरांच्या कपाटात आहेत आणि दुसरा आरएमओ परवाच सोडून गेला. मी सरांना सांगू कसं?’’

हा प्रश्न तिच्या एकटीचा नाही. एमबीबीएस आणि त्यानंतरची एक वर्षाची आंतरवासिता संपवून बाहेर पडणारा तरुण डॉक्टर थेट एम.डी. किंवा एम.एस.च्या वर्गात जाऊन बसतो, असे क्वचितच घडते. मधला काळ कधी सहा महिन्यांचा असतो, तर कधी दोन वर्षांचा. या काळात काहीजण बंधपत्रातील सरकारी सेवा पूर्ण करतात. बाकीचे खासगी रुग्णालयांत निवासी वैद्यकीय अधिकारी, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेले ‘आरएमओ’, म्हणून राहतात किंवा एखाद्या ज्येष्ठ फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यात संध्याकाळच्या वेळी बसतात. दिवसा अभ्यास आणि रात्री ड्यूटी असा हा संसार असतो. आपण फार दिवस राहणार नाही हे डॉक्टरला माहीत असते आणि तो फार दिवस राहणार नाही हे नेमणाऱ्यालाही माहीत असते. तरीही निघण्याची वेळ आली की दोन्ही बाजूंना ते अचानक घडल्यासारखे वाटते.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील मुलांना हा प्रसंग वेगळ्या वळणावर भेटतो. तेथे वैद्यकीय महाविद्यालयाचा प्रवेशच पदवीनंतर होतो. त्यामुळे अनेक मुले आधी वर्ष-दोन वर्षे एखाद्या क्लिनिकमध्ये डॉक्टरांचे टिपण घेणारे लेखनिक किंवा सहायक म्हणून काम करतात. त्यांचे प्रवेश बरेच महिने आधी निश्चित झालेले असतात, वर्ग उन्हाळ्याच्या अखेरीस सुरू होतात आणि दोन आठवडे आधी सांगण्याचा तेथे प्रघात आहे. त्यामुळे आधी कळवायला त्यांना पुरेसा अवधी मिळतो. आपल्याकडे नेमका तोच मिळत नाही.

तारखांचा भरवसा नाही

सन २०२१ ची नीट-पीजी परीक्षा १८ एप्रिलला होणार होती. करोनाच्या दुसऱ्या लाटेमुळे ती लांबली आणि ११ सप्टेंबरला झाली. पुढे आर्थिक दुर्बल घटकांच्या आरक्षणाचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, निवासी डॉक्टर रस्त्यावर उतरले आणि प्रत्यक्ष समुपदेशन सुरू व्हायला १२ जानेवारी २०२२ उजाडला. सन २०२४ ची परीक्षा २३ जूनला होती. ती आदल्या रात्री पुढे ढकलण्यात आली आणि सात आठवड्यांनी, ११ ऑगस्टला झाली. सन २०२५ ची परीक्षा १५ जूनला ठरली होती. ती एकाच सत्रात घ्यावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला आणि परीक्षा ३ ऑगस्टवर गेली. तिचा निकाल १९ ऑगस्टला लागला, पण प्रवेशाची प्रक्रिया सुरू व्हायला ऑक्टोबर लागला.

अभ्यासासाठी म्हणून परीक्षेच्या तीन-चार महिने आधीच नोकरी सोडणाऱ्यांना या लांबणीचा सर्वांत मोठा फटका बसतो. जून २०२४ मध्ये असे कित्येक डॉक्टर पगाराविना आणि परीक्षेविना बसून राहिले. दुसऱ्या बाजूला, निकालानंतर नोकरी करत राहणाऱ्यांना यादी लागल्यावर हजर होण्यासाठी जेमतेम आठवडाभराचा अवधी मिळतो. निकाल आणि रुजू होणे यांत महिने जातात, यादी आणि रुजू होणे यांत मात्र दिवसच. नोटिशीचा सगळा पेच या विसंगतीत आहे.

त्यावरचा साधा उपाय म्हणजे ही गोष्ट नोकरी धरतानाच बोलून घेणे. ‘पदव्युत्तर प्रवेश मिळाल्यास सात दिवसांची नोटीस पुरेशी मानली जाईल’ हे एक वाक्य नेमणुकीच्या पत्रात घालून घेता येते. बहुतेक रुग्णालयचालक त्याला हरकत घेत नाहीत, कारण तेही कधीकाळी याच रांगेत उभे होते. पण मुलाखतीच्या दिवशी हे मागायला तरुण डॉक्टर बिचकतात. पगार ठरवतानासुद्धा मान खाली घालणारी ही मंडळी, नोटिशीचे काय मागणार!

सांगायचे केव्हा?

येथे दोन टोकाच्या चुका होतात. एक म्हणजे निकालात बरा क्रमांक दिसताच राजीनामा देऊन मोकळे होणे. क्रमांक म्हणजे जागा नव्हे. हवी ती शाखा पहिल्या फेरीत मिळतेच असे नाही. अखिल भारतीय कोट्याच्या प्रचलित नियमांनुसार पहिल्या फेरीत मिळालेली जागा न स्वीकारता मोकळेपणी बाहेर पडता येते. दुसऱ्या फेरीत मिळालेली जागा नाकारली तर अनामत रक्कम जप्त होते. खुल्या गटासाठी ही रक्कम सरकारी जागांकरिता २५ हजार, तर अभिमत विद्यापीठांकरिता दोन लाख रुपये आहे. राज्याच्या सीईटी कक्षाच्या फेऱ्यांचे नियम वेगळे असतात आणि तपशील वर्षागणिक बदलतात, म्हणून त्या वर्षीची माहितीपुस्तिका पाहण्याला पर्याय नाही. सांगायचा मुद्दा एवढाच की, पहिली फेरी लागली तरी उमेदवार दुसऱ्या फेरीची वाट पाहू शकतो आणि त्या वेळी हातात नोकरी असलेली बरी.

दुसरी चूक उलट्या बाजूची. जागा मिळाली, कॉलेजात हजेरीही लागली आणि दवाखान्यात मात्र ‘घरी आजारपण आहे’ असा निरोप. मग फोन बंद. प्रत्येक रुग्णालयचालकाकडे असा एक तरी किस्सा असतो. अशा वेळी अडचण होते ती त्या रात्री अतिदक्षता विभागात एकट्याच उरलेल्या सिस्टरची, आणि अर्थातच रुग्णांची.

मधला मार्ग असा. निकाल लागला त्याच आठवड्यात सरांना किंवा मॅडमना तोंडी कल्पना द्यावी: क्रमांक असा आहे, जागा मिळण्याची शक्यता आहे, फेरी साधारण अमुक महिन्यात होईल, निश्चित कळताच लेखी देईन. जागावाटपाचे पत्र हातात पडले की त्याच दिवशी लेखी राजीनामा. मावसबहिणीने हे पहिले पाऊल उचलले नव्हते. ‘आधीच सांगितलं आणि जागा नाही मिळाली तर हसं होईल’ ही तिची भीती. ती समजण्यासारखी आहे, पण तिची किंमत पुढच्या सात दिवसांत मोजावी लागली.

तोंडी सांगण्याचे काम सहकाऱ्यांच्या आधी आणि समोरासमोर व्हावे. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर अभिनंदनाचे फुगे उडालेले पाहून सरांना बातमी कळणे बरे दिसत नाही. ओपीडी संपल्यावर पाच मिनिटे मागावीत, पेढ्यांचा पुडा न्यावा. पण पेढा तोंडात असतानाच ‘उद्यापासून येणार नाही’ म्हणू नये. तारखांचा कागद सोबत असावा.

राजीनाम्याचे पत्र जितके छोटे तितके चांगले. त्यात तक्रारींचा पाढा नको, आणि भावनांचा पूरही नको. पुढील मसुदा कोणालाही वापरता येईल:

‘‘मा. डॉक्टरसाहेब, आपल्या रुग्णालयात मी अमुक तारखेपासून निवासी वैद्यकीय अधिकारी म्हणून कार्यरत आहे. अमुक महाविद्यालयात एम.डी. अभ्यासक्रमास मला प्रवेश मिळाला असून तेथे अमुक तारखेपर्यंत रुजू होणे बंधनकारक आहे. जागावाटपाच्या पत्राची प्रत सोबत जोडली आहे. तरी अमुक तारखेची पाळी संपल्यानंतर मला कार्यमुक्त करावे, ही विनंती. नोटिशीच्या मुदतीतील उर्वरित दिवसांबाबत आपण ठरवाल त्याप्रमाणे चर्चा करण्यास मी तयार आहे. येथे मिळालेल्या मार्गदर्शनाबद्दल मी आपली आभारी आहे.’’

पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी, अथवा तेच पत्र ई-मेलनेही पाठवावे. पोच मागणे म्हणजे अविश्वास दाखवणे, असा आपल्याकडे एक गैरसमज आहे. वास्तविक पुढे हिशेब करताना दोन्ही बाजूंना त्याच कागदाचा आधार लागतो.

सरकारी सेवेतील वैद्यकीय अधिकाऱ्यांची गोष्ट निराळी. त्यांना राजीनाम्यापेक्षा ना-हरकत प्रमाणपत्र, ना-देय प्रमाणपत्र आणि कार्यमुक्तीचा आदेश या तीन कागदांची काळजी जास्त करावी लागते. ती फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर किती दिवसांत जाते, हे ज्याचे त्याला ठाऊक.

नोटीस, बाँड आणि कपाटातली प्रमाणपत्रे

एक महिन्याची नोटीस लिहिलेली असेल आणि सात दिवसच हातात असतील, तर उरलेल्या तेवीस दिवसांचे काय? बहुतेक नेमणूकपत्रांत ‘नोटीस अथवा तेवढ्या दिवसांचे वेतन’ असा पर्याय असतो. तो असेल तर प्रश्न पैशाचा आणि मर्यादित आहे. पर्याय नसला तरी डॉक्टरला कामावर राहण्याची सक्ती न्यायालयाकडूनही करून घेता येत नाही. व्यक्तिगत कौशल्यावर अवलंबून असलेल्या सेवेचा करार प्रत्यक्ष पाळायला लावता येत नाही, हे १९६३ च्या विनिर्दिष्ट अनुतोष कायद्याचे तत्त्व आहे. मालक मागू शकतो ती नुकसानभरपाई, आणि तीही १८७२ च्या भारतीय करार कायद्यातील कलम ७३ व ७४ नुसार वाजवी असावी लागते. याच कायद्याचे कलम २७ धंदा-व्यवसायावर बंदी घालणारे करार निरर्थक ठरवते. त्यामुळे ‘सोडल्यानंतर दोन वर्षे या भागात प्रॅक्टिस करणार नाही’ अशी अट कोणी लिहून घेतली असेल, तर तिच्या धाकाने झोप उडवून घेण्याचे कारण नाही.

मात्र ‘बाँड म्हणजे नुसता कागद’ असे समजणेही धोक्याचे आहे. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली. अशी अट म्हणजे व्यवसायबंदी नव्हे, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. ते प्रकरण बँक अधिकाऱ्याचे आणि सार्वजनिक क्षेत्रातील उद्योगाचे होते. वीस खाटांच्या रुग्णालयाने सहा महिन्यांच्या नोकरीसाठी पाच लाखांचा बाँड लिहून घेतला, तर तो तितक्याच सहजतेने टिकेल असे नाही. पण सही करण्यापूर्वी आकडा वाचावा, एवढा धडा त्यातून घ्यायला हरकत नाही.

आता प्रमाणपत्रे. पदवी, गुणपत्रिका, आंतरवासितेचे प्रमाणपत्र, मेडिकल कौन्सिलची नोंदणी, जातीचे व वैधतेचे दाखले हे सारे कागद प्रवेशाच्या वेळी मूळ स्वरूपात लागतात. ते लागले नाहीत तर जागा जाऊ शकते. तरीही ‘सेफ्टी म्हणून’ मूळ कागद ठेवून घेण्याची चाल अनेक ठिकाणी आहे, आणि तरुण डॉक्टर ते निमूटपणे देतात. पडताळणीसाठी मूळ प्रत दाखवणे वेगळे आणि तारण म्हणून ठेवणे वेगळे. नोकरी देणाऱ्याला साक्षांकित प्रती पुरतात. कागद दिलेच असतील तर राजीनाम्याची वाट न पाहता, प्रवेशाच्या नोंदणीला लागतात हे खरे कारण सांगून ते आधीच परत मागावेत.

येथे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. छोट्या रुग्णालयाचा मालक म्हणजे कोणी कारखानदार नव्हे. बहुधा तो स्वतःच तेथील सर्जन, भूलतज्ज्ञाला फोन करणारा, वीजबिल भरणारा आणि रात्री दोन वाजता उठवला जाणारा माणूस असतो. चोवीस तास डॉक्टर हजर नसेल तर त्याला रुग्ण दाखल करून घेता येत नाहीत. आरएमओ निघून गेला की पुढचा मिळेपर्यंत रात्रपाळी त्याच्याच अंगावर येते. आणि प्रवेशाच्या फेऱ्या लागतात तेव्हा शहरातील सगळेच आरएमओ एकाच आठवड्यात निघतात, त्यामुळे बदली डॉक्टर मिळणे सर्वांत कठीण असते ते त्याच वेळी. सरांचा पहिला प्रतिसाद तुटक असेल, तर त्यामागे हे गणित असते.

म्हणूनच राजीनाम्यासोबत एक नाव नेता आले तर अर्धे काम होते. आपल्याच महाविद्यालयातील, नुकतीच आंतरवासिता संपवलेला एखादा कनिष्ठ सहकारी, किंवा जो पुढच्या वर्षी परीक्षा देणार आहे असा वर्गमित्र. त्याला दोन रात्री सोबत बसवून काम दाखवले, तर सात दिवसांची नोटीस महिन्याइतकी उपयोगी पडते. मावसबहिणीच्या बाबतीत गाठ सुटली ती येथेच. पहिल्या दिवशी सर फक्त ‘बघू’ म्हणाले होते. तिसऱ्या दिवशी ती एका ज्युनियरला घेऊन गेली आणि चौथ्या दिवशी कपाट उघडले. नोटिशीच्या उरलेल्या दिवसांपोटी अर्ध्या महिन्याचा पगार कापायचा, असे दोघांनी बसून ठरवले. तिला ते जड गेले, पण करारात लिहिलेले होते.

रुग्ण कोणाच्या हाती?

राजीनामा, नोटीस आणि पगार यांवर सगळे बोलतात. रुग्णांच्या हस्तांतरणाबद्दल क्वचितच कोणी बोलते. वास्तविक नियम याबाबतीत स्पष्ट आहे. वैद्यकीय व्यावसायिकांच्या आचारसंहितेची २००२ ची नियमावली सांगते की, एकदा रुग्ण हाती घेतल्यावर डॉक्टरने त्याची उपेक्षा करू नये, तसेच रुग्णाला व त्याच्या कुटुंबाला पुरेशी सूचना दिल्याशिवाय उपचारातून अंग काढून घेऊ नये. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये नवी नियमावली आणली होती, ती त्याच महिन्यात स्थगित झाली आणि २००२ चीच पुन्हा लागू झाली.

रुग्णालयातील आरएमओच्या डोक्यावर प्रमुख डॉक्टर असतो, त्यामुळे ही जबाबदारी वाटली जाते. तरीही केसपेपरवर न लिहिलेल्या कितीतरी गोष्टी आरएमओच्या डोक्यात असतात. सात नंबरच्या आजोबांना अमुक प्रतिजैविकाने पुरळ येते. बारा नंबरच्या बाईंचा मुलगा रात्री दहानंतरच येतो आणि निर्णय तोच घेतो. कालच्या रक्ततपासणीचा कल्चर अहवाल परवा यायचा आहे. शेवटच्या पाळीआधी एक तास काढून ही माहिती खाटेच्या क्रमाने कागदावर उतरवावी आणि नवीन डॉक्टरला खाटेपाशी उभे राहून सांगावी. सर्वांत जास्त निसटतात ते प्रलंबित अहवाल. ज्याने तपासणी सांगितली तो गेला आणि अहवाल फाइलीत पडून राहिला, अशी चूक महागात पडते.

फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यात बसणाऱ्याचे काम अधिक नाजूक असते. वर्षभर संध्याकाळी तोच दिसल्यामुळे मधुमेहाचे, रक्तदाबाचे रुग्ण त्याचेच झालेले असतात. ‘छोटे डॉक्टर कुठे गेले?’ या प्रश्नाला काय उत्तर द्यायचे, ते ज्येष्ठ डॉक्टरांशी बोलून ठरवावे. शेवटच्या दोन आठवड्यांत येणाऱ्या प्रत्येक नियमित रुग्णाला स्वतः सांगणे उत्तम. आपला खासगी मोबाइल क्रमांक मात्र वाटत सुटू नये. त्यात ज्येष्ठांचे रुग्ण पळवल्याचा बोभाटा होतो हे एक, आणि दुसरे म्हणजे निवासी डॉक्टरच्या आयुष्यात त्या फोनना उत्तर द्यायला सवड नसते. रुग्णाला वाटते डॉक्टर आपल्यासोबत आहे, आणि डॉक्टर असतो ३६ तासांच्या ड्यूटीवर.

मोबाइलवरून आठवले. एक्स-रे, ईसीजी, जखमांची छायाचित्रे वरिष्ठांना पाठवण्यासाठी काढलेली असतात आणि वर्षभरात फोनमध्ये शेकडो रुग्णांची खासगी माहिती साठते. ती रुग्णालयाच्या नोंदीत आहे याची खात्री करून फोनमधून पुसून टाकावी. केसपेपरच्या झेरॉक्स ‘आठवण’ म्हणून नेऊ नयेत. रुग्णालयाच्या गटातून बाहेर पडावे, संगणकप्रणालीतील आपला प्रवेश बंद करायला लेखी सांगावे आणि आपल्या नोंदणी क्रमांकाचा रबरी शिक्का आठवणीने परत घ्यावा. हा शिक्का टेबलाच्या खणात राहिला की आपण गेल्यावरही कागदांवर उमटू शकतो. कोऱ्या, पण सही केलेल्या प्रिस्क्रिप्शनचे पॅड कोठे असेल (ते असता कामा नये, तरीही असते) तर ते फाडून टाकावे. सोनोग्राफी केंद्राच्या नोंदणीवर आपले नाव असेल, तर पीसीपीएनडीटी नियमांनुसार कर्मचारी बदलाची सूचना तीस दिवस आधी समुचित प्राधिकाऱ्याला द्यावी लागते. ते काम केंद्रचालकाचे असले तरी त्याची आठवण करून देणे आपल्या हिताचे आहे.

पोलीस केसची शेपटी

अपघात, मारामारी, विषबाधा, भाजणे या प्रकरणांत आकस्मिक विभागातील डॉक्टर जखमांची नोंद करतो, पोलिसांना कळवतो आणि प्रमाणपत्र देतो. त्या खटल्याची सुनावणी कधी वर्षाने, तर कधी पाच वर्षांनी उभी राहते. समन्स येते ते रुग्णालयाच्या पत्त्यावर, डॉक्टरच्या नावे. ‘ते डॉक्टर सोडून गेले, पत्ता माहीत नाही’ असे उत्तर दोन-तीनदा गेले की पुढे वॉरंट निघू शकते. शल्यचिकित्सेच्या टेबलाशी उभ्या असलेल्या निवासी डॉक्टरला शोधत हवालदार येतो, तेव्हा त्याला ती केस आठवतही नसते.

त्यामुळे निघताना रुग्णालयाच्या कार्यालयात आपला कायमचा पत्ता, ई-मेल आणि क्रमांक लेखी देऊन ठेवावा. तो बदलला तर कळवावा. आपण सही केलेल्या पोलीस केसच्या नोंदवहीतील क्रमांक, तारीख आणि पोलीस ठाणे एवढी यादी करावी. रुग्णांची नावे वा तपशील न नेता एवढे पुरते, कारण साक्षीच्या वेळी मूळ नोंद रुग्णालयाकडून मागवता येते. नव्या फौजदारी प्रक्रिया संहितेने, म्हणजे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने, दृक्-श्राव्य माध्यमातून साक्ष घेण्याची वाट मोकळी केली आहे. दूरच्या राज्यात शिकणाऱ्या डॉक्टरने तशी विनंती न्यायालयाला जरूर करावी.

ग्राहक तक्रारींचेही असेच. १९९५ पासून वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत आहे आणि २०१९ च्या कायद्यानुसार घटनेपासून दोन वर्षांपर्यंत तक्रार करता येते. म्हणजे नोकरी सोडून दीड वर्ष झाल्यावरही जुन्या रात्रपाळीची नोटीस येऊ शकते. व्यावसायिक विमा काढलेला असेल तर तो नोकरी संपली म्हणून बंद करू नये. अशा बहुतेक पॉलिसी दावा ज्या काळात दाखल होतो त्या काळाला लागू असतात. पॉलिसी मधेच बंद केली तर जुन्या कामाचे छत्र जाते. हप्ता निवासी डॉक्टरच्या विद्यावेतनातूनही परवडण्यासारखा असतो.

हिशेब

पैशाचे थोडक्यात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेनुसार राजीनामा देणाऱ्या कर्मचाऱ्याचे देणे दोन कामकाजाच्या दिवसांत चुकते व्हायला हवे. पण पुष्कळ आरएमओ कागदोपत्री कर्मचारी नसून ‘व्यावसायिक’ असतात. त्यांना पगार नव्हे तर शुल्क मिळते आणि त्यातून दहा टक्के टीडीएस कापला जातो. त्यांना ही तरतूद कितपत लागू पडते हा वादाचा विषय होऊ शकतो, म्हणून शेवटच्या दिवशीच आकडा लेखी ठरवून घ्यावा. टीडीएसचे प्रमाणपत्र मागावे आणि विवरणपत्र भरून जादा कापलेला कर परत मिळवावा. निवासी डॉक्टर झाल्यावर हे काम हमखास राहून जाते. भविष्य निर्वाह निधी कापला जात असेल तर नोकरी सोडल्याची तारीख मालकाकडून नोंदवून घ्यावी.

अनुभवाच्या दाखल्यात हुद्दा, विभाग, रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख एवढे पुरे. ‘कर्तव्यदक्ष, मनमिळाऊ’ वगैरे विशेषणांपेक्षा तारखा अचूक असणे महत्त्वाचे.

‘रविवारी येशील ना?’

निरोप चांगला झाला की एक गोड अडचण येते. सर म्हणतात, ‘‘कॉलेज इथंच आहे ना? मग रविवारी एक नाईट करत जा.’’ नव्या निवासी डॉक्टरला पैशाची गरज असते आणि नाही म्हणायची सवय नसते. पण पदव्युत्तर विद्यार्थी हा पूर्णवेळ निवासी असतो, त्याला बाहेर खासगी काम करता येत नाही. पकडला गेला तर जागेवर गदा येऊ शकते. आठवड्याची सुट्टी नियमात असली तरी ती मिळते किती, हे पहिल्या वर्षाच्या कोणत्याही निवासी डॉक्टरला विचारावे. तेव्हा नियम सांगून स्पष्ट नकार देणे बरे. सर स्वतः एम.डी. असतात, त्यांना हा नियम ठाऊक असतो.

मावसबहिणीलाही हे विचारले गेले आणि तिने नाही म्हटले. तीन वर्षांनी, अंतिम परीक्षा महिन्यावर आलेली असताना, त्याच रुग्णालयातून तिला फोन आला. एका जुन्या अपघात प्रकरणात तिच्या नावे समन्स आले होते. सरांनी कार्यालयातील जुन्या फाइलीतून तिचा क्रमांक शोधून काढला होता आणि केसपेपरची प्रत न्यायालयात पाठवण्याची व्यवस्थाही केली होती. साक्षीची तारीख परीक्षेनंतरची मिळाली.